विमान चालवायचे आहे? आधी उतरायला शिका

नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचे एक विद्वान राहत होते. काच तयार करणे, पाणघड्याळ बनवणे, ताऱ्यांचा अभ्यास अशा अनेक विद्यांत त्यांना गती होती. उतारवयात त्यांनी अंगाला पंख लावले आणि उंचावरून झेप घेतली. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. इब्न फिरनास बरेच अंतर हवेत गेले, पण उतरताना जोरात आदळले आणि त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी पंख लावले, शेपूट लावली नाही.

आज चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगितली जाते. मात्र ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. झेप सांगितली जाते, शेपूट राहून जाते. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी खरा धडा मात्र त्या शेपटीतच आहे.

वाशिम जिल्ह्यातील घरांना हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नसला तरी शेजारच्या अमरावतीत बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच ठिकाणी एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेची योजना जाहीर केली. 34 प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला 180 वैमानिक, असा तिचा आवाका सांगितला गेला. कारंजा असो की मंगरूळपीर, रिसोड असो की मानोरा, बारावी विज्ञानच्या वर्गात "सर, पायलट व्हायला काय लागतं?" हा प्रश्न आता ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्यांत मुलीही असतात.

घरी गेल्यावर या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. अब्बा विचारतात, खर्च किती? अम्मी विचारतात, धोका किती? पहिल्याचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याला मात्र "काही होत नाही हो" किंवा "नकोच ते, जिवाचा खेळ" अशी दोनच उत्तरे मिळतात. दोन्ही अपुरी आहेत. धोका आहे, पण तो कुठे आहे, किती आहे आणि कशाने कमी होतो, हे समजून घेता येते.

लँडिंगमध्ये नेमके काय घडते?

शिकाऊ वैमानिकाचे विमान लहान असते. पूर्वीपासून वापरात असलेले सेसना 152 हे दोन आसनांचे विमान माणसांसह आणि इंधनासह जास्तीत जास्त 757 किलो वजनाचे, म्हणजे एखाद्या लहान मोटारीइतके. जमिनीकडे येताना अशा विमानांचा वेग ताशी साधारण 110 ते 130 किलोमीटर असतो.

धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून विमान उतरते. या फेरीला सर्किट म्हणतात. सुमारे हजार फुटांवरून धावपट्टीला समांतर जायचे, मग दोन वळणे घेऊन धावपट्टीसमोर यायचे आणि उतरत्या रेषेत खाली यायचे. जमीन अगदी जवळ आली की इंजिनाची ताकद कमी करून विमानाचे नाक हळूच वर उचलायचे. याला फ्लेअर म्हणतात. हे बरोबर जमले तर मागची दोन चाके आधी टेकतात आणि पुढचे चाक नंतर अलगद खाली येते.

सांगायला हे चार ओळींचे काम आहे. करताना मात्र वेग, उंची, वारा, धावपट्टीची मधली रेषा आणि रेडिओवरचे बोलणे हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि शेवटच्या काही सेकंदांत हाताला नेमका अंदाज यावा लागतो. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. तो शेकडो वेळा उतरूनच येतो. म्हणूनच एकट्याने उडण्याची परवानगी मिळण्याआधी विद्यार्थी प्रशिक्षकासोबत पुन्हा पुन्हा सर्किट मारतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांपैकी सुरुवातीचे कितीतरी तास यातच जातात.

चुका कुठे होतात?

पहिली नेहमीची चूक म्हणजे उसळी. विमान थोडे जोरात टेकले की चेंडूसारखे वर उडते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. मग पुढचे चाक आधी आपटते, विमान पुन्हा उसळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत पुढचे चाक मोडते किंवा पंखा जमिनीला लागतो. पुढचे चाक मागच्या चाकांपेक्षा नाजूक असते. मार सोसण्याचे काम मागच्या चाकांचे.

दुसरी चूक आडव्या वाऱ्यात होते. वारा बाजूने येत असला की विमान रेषेवरून सरकते. टेकल्यावर पायातील रडर सैल सोडला तर ते धावपट्टी सोडून गवतात शिरते. चाके टेकली म्हणजे काम संपले, असे मनाने धरले की हे घडते.

तिसरी चूक सर्वांत घातक आहे. धावपट्टीसमोर येणारे शेवटचे वळण चुकले, विमान रेषेच्या पलीकडे गेले, की विद्यार्थी ते ओढूनताणून परत आणायला बघतो. वळण तीव्र होते, वेग घटतो, पंखांना हवेचा आधार उरत नाही. याला स्टॉल म्हणतात. उंचीवर स्टॉल झाला तर सावरायला जागा असते. पाचशे फुटांवर ती नसते.

यात आपल्या विदर्भाचा उन्हाळा भर घालतो. 44-45 अंशांत हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्हींची ताकद घटते आणि उतरायला जास्त लांबी लागते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर येतात आणि लहान विमान हलत राहते. म्हणून अशा दिवसांत नवख्यांचे उड्डाण सकाळी लवकर उरकणे शहाणपणाचे. घारी, मोकाट कुत्री आणि जनावरे हाही लहान धावपट्ट्यांवरचा कायमचा त्रास आहे.

आता धीर देणारी बाब. अमेरिकेत लहान विमानांच्या अपघातांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. त्यात लँडिंगच्या वेळचे अपघात संख्येने सर्वाधिक दिसतात, पण त्यांत जीव जाण्याचे प्रमाण फार कमी असते. वेग कमी असतो, विमान जमिनीजवळ असते आणि बहुतेक वेळा नुकसान लोखंडाचे होते. जीव घेणारे अपघात बहुधा डोंगर, तारा, खूप खालून उडणे आणि शेवटच्या वळणातील स्टॉल यांतून होतात.

महाराष्ट्राने काय पाहिले?

आपल्या राज्यात बारामती, गोंदियाजवळील बिरसी, धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि नागपूर ही वैमानिक प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत.

25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या 22 वर्षांच्या शिकाऊ मुलीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. इंजिनाची ताकद गेली होती. किरकोळ जखमांवर ती बचावली.

पुढच्या वर्षी, 19 आणि 22 ऑक्टोबर 2023 रोजी, म्हणजे चार दिवसांत दोनदा, बारामती परिसरात रेडबर्ड या संस्थेची विमाने कोसळली. सहा महिन्यांत या संस्थेच्या विमानांना पाच अपघात झाल्याने डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, तिचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. ऑगस्ट 2025 मध्ये बारामतीतच एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक उतरताना निखळले आणि विमान धावपट्टीबाहेर गेले. वैमानिक सुखरूप राहिला.

जीवघेण्या घटनाही आहेत आणि त्या लपवू नयेत. 26 एप्रिल 2017 रोजी बिरसीहून निघालेले विमान वैनगंगा नदीवरील तारेला धडकले. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहूनच निघालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाटच्या डोंगरात पडले. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि शिकाऊ मुलगी असे दोघे गेले. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या संस्थेचे विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले. गंभीर जखमी शिकाऊ मुलीला तिथल्या आदिवासी बांधवांनी साडीची झोळी करून डोंगरातून खाली आणले. त्या माणसांनी तिचे नाव, गाव, जात, धर्म विचारला नाही.

या नोंदी एकत्र पाहिल्या की एक फरक स्पष्ट होतो. धावपट्टीवर किंवा सपाट शेतात विमान मोडले, तिथे माणसे वाचली. डोंगर आणि तार आडवी आली, तिथे गेली. त्यामुळे "विमान पडले" एवढ्या एका बातमीवरून घाबरून जाऊ नये किंवा बेफिकीरही राहू नये. ते कुठे आणि कशाने पडले, हे वाचावे.

परत फिरण्याची हिंमत

लँडिंग बिघडत आहे असे वाटले तर वैमानिकाकडे एक साधा उपाय असतो. पूर्ण ताकद द्यायची, वर जायचे, पुन्हा फेरी मारून नव्याने यायचे. याला गो-अराउंड म्हणतात. उसळी असो, आडवा वारा असो की चुकलेले शेवटचे वळण, या सर्वांवर बहुतेक वेळा हाच उपाय असतो. तो प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. तरीही माणसे तो वापरत नाहीत. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात असे दिसले की मोठ्या विमान कंपन्यांतही बिघडलेल्या स्थितीत खाली येणाऱ्या 100 विमानांपैकी साधारण 3 विमानेच परत फिरतात.

7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पावसात कोझिकोडला उतरले. ते धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि पुढे दरीत कोसळले. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना दिली होती, तरी लँडिंग चालूच राहिले, असे तपास अहवालात नोंदले आहे. त्याच वर्षी 22 मे रोजी, ईदच्या दोन दिवस आधी, लाहोरहून कराचीला आलेले पीआयएचे विमान फार उंच आणि फार वेगात खाली येत होते. नियंत्रण कक्षाने सावध केले, तरी वैमानिक तसेच खाली आले आणि चाके बाहेर नसताना धावपट्टीला टेकले. इंजिने घासली. परत वर गेल्यावर दोन्ही इंजिने बंद पडली आणि विमान वस्तीत कोसळले. विमानातील 99 पैकी 97 जण गेले.

या दोन्ही विमानांत हजारो तासांचा अनुभव असलेली माणसे होती. ज्ञान कमी पडले नव्हते. "आता एवढे आलोच आहोत तर उतरूनच टाकू" हा मनाचा हट्ट नडला. वीस वर्षांच्या शिकाऊ मुलाच्या मनात हा हट्ट किती जोरात येत असेल, याचा विचार करावा. खाली प्रशिक्षक बघतो आहे, मित्र बघत आहेत, आणि परत फिरलो तर "याला जमत नाही" असे म्हणतील, ही भीती त्याच्या हाताला खाली ओढते.

घरातून जाणारे ओझे

इथे गोष्ट धावपट्टीवरून आपल्या घरात येते. वैमानिक प्रशिक्षणाचा एकूण खर्च आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. आपल्याकडे एवढी रक्कम कुठून येते, हे सर्वांना ठाऊक आहे. शेत विकले जाते, अम्मीचे दागिने जातात, मामू-चाचांकडून हातउसने येते, कधी मनाविरुद्ध व्याजाचे कर्जही घेतले जाते. मग फोनवर रोज विचारणा सुरू होते. किती तास झाले? सोलो कधी? परवाना कधी? मोहल्ल्यात बातमी आधीच पोहोचलेली असते आणि मुलाला भेटणारा प्रत्येक जण "पायलटसाहेब" म्हणूनच हाक मारतो.

हे सारे प्रेमापोटी होते. पण हेच ओझे घेऊन तो मुलगा उतरायला येतो. आज डोके दुखते आहे, रात्री झोप झाली नाही, वारा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, हे म्हणणे त्याला अवघड होते. कारण त्याच्या मनात प्रत्येक तासाचा भाव चालू असतो.

हिशेबच करायचा तर तोही करू. उड्डाणाचा एक तास बारा हजारांचा धरला आणि एक सर्किट सात मिनिटांचे धरले, तर परत फिरण्याचा खर्च सुमारे चौदाशे रुपये होतो. आपल्या मुलाच्या पाठीच्या कण्यापुढे ही रक्कम काहीच नाही. पण हे त्याने स्वतः समजून घेण्यावर सोडू नये. घरच्यांनी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, "बेटा, दहा वेळा परत फिरलास तरी आम्ही नाराज होणार नाही. एक महिना जास्त लागला तरी चालेल. जमत नसेल तर घरी ये, दार उघडे आहे." हे वाक्य प्रवेशाच्या दिवशी एकदा बोलून भागत नाही, दर फोनवर बोलावे लागते.

आपण तवक्कुलची शिकवण ऐकत मोठे झालो. उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हे रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचे मार्गदर्शन प्रत्येक घराला माहीत आहे. गो-अराउंड हा वैमानिकाचा उंट बांधणेच आहे. जीव ही अमानत आहे. चार लोकांसमोर मान खाली जाईल म्हणून ती पणाला लावण्याची परवानगी कोणालाच नाही.

रमजान आणि उड्डाण

आपल्या मुलांच्या बाबतीत एक प्रश्न वेगळा आहे, तो संकोच न करता बोलावा. रोजा असताना विमान चालवावे का? उपाशी आणि तहानलेल्या शरीरात साखर आणि पाणी कमी होते, लक्ष विचलित होते आणि हात मंद होतो. लँडिंगला नेमके हेच लागते. मार्च 2024 मध्ये पीआयएने आपल्या वैमानिकांना आणि कर्मचाऱ्यांना ड्यूटीवर असताना रोजा न ठेवण्याची सूचना दिली होती. प्रवासात आणि आजारपणात शरीयतने सवलत दिली आहे. शिकाऊ वैमानिकाला कोणत्या स्थितीत काय लागू होते, हे जाणकार आलिमांना आधीच विचारून घ्यावे आणि संस्थेलाही कळवावे. त्या दिवसांत उड्डाणे कमी घेऊन जमिनीवरचा अभ्यास वाढवणे हाही चांगला मार्ग आहे. कोणाला न सांगता रोजा ठेवून एकट्याने उडणे हा मात्र मार्ग नव्हे.

प्रवेशाआधी काय विचारावे?

डीजीसीएने 2025 च्या सप्टेंबरअखेरीस प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवार यादी जाहीर केली. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. 13 संस्था बी श्रेणीत आणि 22 सी श्रेणीत आल्या. ही यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. शिवाय संस्थेत स्वतः जाऊन पुढील प्रश्न विचारावेत:

1. विद्यार्थी किती आणि आज प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने किती? उभी असलेली विमाने मोजू नका, उडणारी मोजा.

2. गेल्या पाच वर्षांत कोणते अपघात झाले आणि त्यानंतर संस्थेने काय बदलले? "आमच्याकडे कधीच काही झाले नाही" या उत्तरापेक्षा "हे झाले आणि आम्ही हे बदलले" हे उत्तर जास्त विश्वासाचे.

3. प्रशिक्षक किती आहेत आणि ते वारंवार बदलतात का? एका विद्यार्थ्याला दर आठवड्याला नवा प्रशिक्षक मिळाला तर त्याची चूक कोणाच्याच लक्षात राहत नाही.

4. विद्यार्थ्याने स्वतःहून उड्डाण नाकारले किंवा गो-अराउंड केले तर त्याची नोंद कशी होते? त्यासाठी टोमणे मारले जातात का? हे आधीपासून शिकणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन विचारा.

5. धावपट्टीवर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय आहे का? जवळचे मोठे रुग्णालय किती लांब आहे? विद्यार्थ्याचा विमा कोण काढतो आणि त्यात काय येते?

6. फी टप्प्याटप्प्याने घेतात का? पूर्ण रक्कम आधीच भरली तर मध्येच सोडण्याची सोय उरत नाही, आणि सोय नसलेला विद्यार्थी जोखीम घेतो.

या सर्वांआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते हाती येण्याआधी शेताचा सौदा करू नये. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी बोलीभाषेतील इंग्रजीची तयारी अकरावीपासूनच करावी. रेडिओवरील सूचना पहिल्यांदा ऐकतानाच कळणे हा लँडिंगच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

मुलींबद्दल वेगळे काही सांगावे लागू नये, तरी सांगते. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे 15 टक्के आहे आणि ते जगाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. हैदराबादच्या बेकरी कामगाराची मुलगी सईदा सल्वा फातिमा व्यावसायिक वैमानिक झाली. वरच्या घटनांमध्ये मुली आहेत म्हणून "मुलींनी नको" असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या तिथे होत्या, कारण मुली मोठ्या संख्येने हे शिकत आहेत.

सूरह अल-मुल्कमध्ये अल्लाहने पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे बघायला सांगितले आहे. मुलांसोबत एखाद्या संध्याकाळी छतावर बसून कबुतरे उतरताना जरूर बघा. कबुतर जवळ येते, पंख उभे करते, शेपूट पसरते, वेग तोडते. जागा पटली नाही तर न टेकताच पुन्हा उडते, एक फेरी मारते आणि मग उतरते. आपल्या मुलाला पंख देण्याची ऐपत आपण कशीतरी गोळा करू, इन्शाअल्लाह. ती दुसरी फेरी मारण्याची मोकळीक मात्र पैशाने विकत मिळत नाही. ती घरातूनच द्यावी लागते.